जागच्या जागी

"मॅडम, तुमचा पत्ता तर पाण्यात दाखवून रायला."

डिलिव्हरीवाल्या मुलाचा हा फोन आला तेव्हा मी भिवापूरच्या पुढे एसटीत उभी होते. त्याचं म्हणणं खरंच होतं. आमच्या गावाचं नाव टाकलं की नकाशावरची लाल खूण गोसीखुर्दच्या जलाशयात, निळ्या रंगाच्या मधोमध जाऊन बसते. गाव तिथेच होतं. आता ते काही किलोमीटर अलीकडे आहे, नाव तेच, मागे 'पुनर्वसन' लागलेलं. मी त्याला सांगितलं, पाण्याकडे जाऊ नकोस, डांबरी रस्त्यानेच ये, हनुमानाच्या देवळाजवळ थांब. ४८ किलोचा खोका होता. त्यात एलिप्टिकल होतं, बाबांसाठी.

बाबा बासष्टीचे. साखर आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. भंडाऱ्याचे डॉक्टर दर खेपेला एकच सांगायचे: चाला. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही त्यांनी कागदावर लिहून दिला होता, आठवड्याला किमान १५० मिनिटं. बाबा मान हलवायचे, घरी यायचे आणि खाटेवर बसायचे.

मला आधी वाटायचं की हा आळस आहे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं धानाच्या बांध्या तुडवल्या तो आळशी कसा असेल? जुन्या गावी घरापासून शेत, शेतापासून नदी, नदीवर ऑईल इंजिन सुरू करायला, मग पाणी कुठे फुटलंय ते पाहत धुऱ्याधुऱ्याने परत, असा त्यांचा दिवस असायचा. त्याला कुणी चालणं म्हणत नव्हतं. ते काम होतं.

एकदा मी नेटाने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. "रस्त्यात कोणी इचारते, कोठी चालले? तर का सांगू? नुसताच चालून रायलो म्हनलं तर लोक हासतेत."

गावात हा प्रश्न नमस्कारासारखा असतो. प्रत्येक वळणावर कुणीतरी विचारतंच. उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरात एखादी जागा लागते: शेतावर, दुकानात, बँकेत. पवनीचे निवृत्त मास्तर बूट घालून, हात झुलवत फिरायला जातात, त्यांना कुणी विचारत नाही. बाबांनी काही दिवस एक युक्ती केली होती. हातात रिकामी थैली घेऊन निघायचे, म्हणजे दुकानात चालल्यासारखं दिसावं. आठवडाभरात दुकानदारच म्हणाला, काका, रोज येता, काही घेत तर नाही. ते बंद झालं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे, ३३ दरवाज्यांचं. सरकारी नाव इंदिरा सागर. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा बाबा सव्वीस वर्षांचे होते, सभेला बैलगाडीने गेले होते. खर्चाचा पहिला अंदाज होता ३७२ कोटी. २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला तोवर तो काही हजार कोटींवर गेला होता. नागपूर, भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यांतली शेती भिजावी म्हणून धरण आहे, आणि भिजतेही. आमची जरा जास्तच भिजली. चार एकर होती.

नव्या गावात रस्ते सरळ आहेत, प्लॉट चौकोनी आहेत. पहाटे चालावं तर रेतीचे टिप्पर सुटलेले असतात, त्यांना माणूस दिसत नाही. जंगलाच्या बाजूने जावं तर तिकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. 'जय' नावाचा तो प्रसिद्ध वाघ इथलाच, २०१६ला बेपत्ता झाला. बाकीचे बेपत्ता नाहीत. उन्हाळ्यात नऊ वाजताच पाय भाजतात, पावसाळ्यात चिखल आणि कुत्री. आणि या सगळ्यातून वाट काढलीच, तर चौकात तो प्रश्न उभा असतोच.

म्हणून घरात चालायचं, असं मी ठरवलं.

ट्रेडमिल मी पहिल्या दिवशीच बाद केली. तिची मोटर विजेवर चालते आणि आमच्याकडे व्होल्टेज कधी किती असेल ते वायरमनलाही माहीत नसतं. शिवाय पट्टा स्वतःहून पळतो. माणसाने थांबायचं ठरवलं तरी पट्ट्याने ठरवायला वेळ लागतो. व्यायामाची सायकल स्वस्त होती, पण तिच्यावर गुडघा जास्त दुमडतो आणि बाबांचं दुखणं नेमकं तिथेच आहे. एलिप्टिकलमध्ये दोन्ही पाय पायट्यांवरच राहतात. पाऊल उचलून आपटायचं नसल्याने जमिनीचा दणका गुडघ्यापर्यंत येत नाही, आणि तरी माणूस उभा असतो, वजन पायांवर असतं, हातही दांड्यांबरोबर पुढेमागे जातात. पायटा जो मार्ग काढतो तो गोल नसतो, लांबट असतो. शाळेत दोन टाचण्या आणि दोरा घेऊन काढायचो ते लंबवर्तुळ, म्हणून हे नाव.

मशीन तसं अलीकडचं आहे. प्रिकॉर या अमेरिकन कंपनीने १९९५मध्ये ते बाजारात आणलं. म्हणजे साधारण माझ्याच वयाचं. जागच्या जागी चालवणारी चाकं मात्र जुनी आहेत. इंग्लंडमध्ये १८१८च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंजिनिअरने कैद्यांसाठी पायाने फिरवायचं मोठं चाक काढलं, आणि तुरुंगातून माणसं दिवसचे दिवस त्यावर चढत राहिली, कुठेही न पोचता. ही गोष्ट मी बाबांना सांगितली नाही. गरजही पडली नाही. खोका उघडून चित्र पाहताच ते म्हणाले, "हे तर तेल्याच्या घान्याच्या बैलाचं काम झालं."

तुम्ही विकत घेणार असाल तर एक काम आधी करा. घरच्या माणसाला ओल्या पायांनी अंगणातून चालायला लावा आणि पावलांमधलं अंतर मोजा. स्वस्त मशीनमध्ये पायट्याची झेप बारा-तेरा इंचांची असते. उंच माणसाला त्यावर चालल्यासारखं नाही, पायऱ्यांवर अडकल्यासारखं वाटतं. बाबा उंच आहेत. मी सोळा इंचांचं घेतलं, २२ हजार गेले. छताची उंचीही पाहा, कारण पायट्यावर उभं राहिलं की माणूस फूटभर वाढतो. आमच्या पंख्याचं पातं आणि बाबांचं डोकं यांचं जमणार नाही हे मोजूनच कळलं, म्हणून मशीन पंख्यापासून लांब, खिडकीजवळ ठेवायचं ठरलं.

जोडायला मी बसले. व्हिडिओ लावला, नट-बोल्टच्या पुड्या फरशीवर मांडल्या. बाबा खाटेवरून पाहत होते. अर्ध्या तासाने ते खाली येऊन बसले, तासाने पाना त्यांच्या हातात होता आणि मी पुड्या देत होते. मोठं चाक दिसल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "हे तर फ्लायव्हील आहे." नदीवरच्या ऑईल इंजिनला होतं तसं, फक्त लहान. हँडल मारून इंजिन सुरू करताना त्या चाकाने एकदा वेग घेतला की मग ते स्वतःच पुढचा झटका सोसून नेतं, हे त्यांना कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं माहीत होतं. पायट्याची चाल अडखळत नाही ती या चाकामुळेच.

डाव्या पायट्याचा नट काही केल्या बसेना. मी व्हिडिओ मागे-पुढे करत राहिले. बाबांनी नट बोटाने उलटा फिरवून पाहिला आणि तो बसला. "उलटे आटे आहेत. सायकलच्या डाव्या पायडलले नसतेत का?" असतात. डावा पाय फिरताना साधे आटे हळूहळू सैल होत जातील, म्हणून तिकडे उलटे पाडतात. गावच्या सायकल दुकानात शिकलेली ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होती, इंग्रजीत.

मग त्यांनी ताण वाढवायचं बटण फिरवलं आणि चाकापाशी वाकून पाहिलं. चाकाला काहीच टेकत नव्हतं. चुंबक जवळ सरकला होता, पण मधे फट होती. "हात नाही लावत, तरी अडते कसं?" बारावीच्या फिजिक्समधला लेंझचा नियम आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. धातूचं चाक चुंबकासमोरून फिरलं की त्या धातूतच बारीक बारीक विद्युतप्रवाह घुमायला लागतात आणि ते त्या फिरण्यालाच विरोध करतात. चुंबक जेवढा जवळ तेवढा विरोध जास्त. वीज लागत नाही, घासून झिजायला काही नाही. फक्त आकड्यांच्या पडद्याला दोन पेन्सिल सेल लागतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे हा साहेब आहे. हात लावत नाही, अडवते मात्र."

फरशी एका कोपऱ्यात बसली आहे, म्हणून मशीन डुगडुगत होतं. त्याखाली जुन्या ट्यूबचे चौकोनी तुकडे गेले. रात्री नऊला काम संपलं.

पहिल्या दिवशी चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला ते उतरले आणि घाम पुसत म्हणाले, नांगर बरा. त्यात नवल नव्हतं. सवय नसलेले स्नायू लागतात, आणि सगळं वजन पुढच्या पंजावर राहिलं तर बोटं बधिर होतात. टाच पायट्यावर टेकवून ठेवायची, दांड्या घट्ट धरायच्या नाहीत, पाठ सरळ. दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवलं. तीन आठवड्यांनी मशीन कुरकुरायला लागलं तेव्हा मी नागपुरात होते. फोनवर सांगायची वेळच आली नाही, त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून टाकले होते. नवीन मशीनचे बोल्ट एकदा बसले की ढिले होतातच, इंजिनचेही व्हायचे म्हणाले.

जेवणानंतर थोड्या वेळाने वीस मिनिटं, असं आता बसलं आहे. त्यामागे कारण आहे: काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही ओढून घेतो, आणि आमच्या ताटात दोन्ही वेळा भात असतो. साखर किती उतरली तो आकडा मी इथे देत नाही. गोळी बदलली, भात एक वाढी कमी झाला आणि मशीन आलं, हे तिन्ही एकाच महिन्यात घडलं. मशीनच्या नावावर किती टाकायचं? जिन्यावरून उतरताना कठडा धरत नाहीत, एवढं मी पाहिलं आहे.

अडचण आली ती पडद्यावरच्या किलोमीटरमुळे. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दोन किलोमीटर झाले म्हनते. कोठून कोठवर?" मी सांगितलं की मशीनला अंतर कळतच नाही. चाकाला एक छोटा चुंबक आहे, तो फेऱ्या मोजतो, आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्याने गुणाकार होतो. एवढंच. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असू द्या हो, आपण मानायचं. मलाही वाटून गेलं होतं की ते मनातल्या मनात शेतापर्यंत जात असतील. माझ्यासारख्या शहरात राहणाऱ्या मुलीला असली कल्पना फार आवडते. त्यांना नाही आवडली. "वावर पान्यात आहे. मले मालूम आहे." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर किलोमीटरच्या आकड्यावर आईची एक लाल टिकली चिकटवलेली. वेळ दिसते, ताणाचा आकडा दिसतो. बाकी झाकलेलं.

आणि खिडकीतून कुणी हाक मारली, काय चाललंय काका, तर उत्तर तयार असतं: "मशीन चालवून रायलो." इंजिन चालवायचे तेव्हाही ते असंच म्हणत असतील.

आईकडे मात्र माझं लक्षच नव्हतं. तिला साखर नाही, गुडघे तिचेही दुखतात, पण त्यासाठी कुणी डॉक्टरकडे नेलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी डोळा लागून उठले तर खिडकीजवळून चाकाचा आवाज येत होता. आई मशीनवर होती. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाय उलटे फिरत होते. मागे मागे. मी म्हटलं, आई, पुढे चालव ना. तर म्हणाली, "मले मांगंच सोपं जाते. रोवना का पुढं पुढं करतेत?"

खरंच करत नाहीत. चिखलात वाकून पऱ्ह्याची रोपं लावत बाई मागे सरकत जाते, म्हणजे लावलेलं तुडवलं जात नाही. पन्नास वर्षांतले किती पावसाळे ती अशी मागे चालली असेल, त्याचा हिशेब कुठल्या पडद्यावर नाही. मशीन उलटं चाललं तरी बिघडत नाही, हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. ओझं जरा वेगळ्या स्नायूंवर जातं इतकंच. तिला मी ते वाचून दाखवलं नाही. ती काहीतरी गुणगुणत होती आणि मला पाहून तिने ते थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून मी आत गेले.

तेव्हापासून दुपारी तीन ते साडेतीन मशीन तिचं. टाइमर लावत नाही, चहाची वेळ झाली की उतरते.

फक्त जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडतो. कालव्याच्या पाण्यावर ज्यांच्या बांध्या भिजतात त्यांच्याकडे रोवण्याला बाया कमी पडतात, टेम्पो सकाळी सातला देवळापाशी येतो आणि आई मजुरीला जाते. संध्याकाळी परतते तेव्हा पाऊस असतो, अंगणात काही वाळत नाही. मग मशीनच्या एका दांडीवर तिचं चिखल धुतलेलं लुगडं असतं, आणि बाबा दुसरी दांडी धरून आपली वीस मिनिटं पूर्ण करतात.