मांडाएवढी जागा

घुमट या वाद्याला दोन तोंडे असतात. एकावर कातडे ताणून बसवलेले, दुसरे लहान आणि उघडे. एक हात कातड्यावर थाप देत असतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकत, सैल सुटत, पुन्हा झाकत राहतो. मडक्यातली हवा कोंडते तसा नाद दबतो, सुटते तसा घुमतो. शिगम्यात मांडाभोवती, म्हणजे गावच्या उत्सवाच्या ठरलेल्या जागेभोवती, बसणाऱ्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण एखादा गिटारवाला पायाखालच्या पेडलने हेच करू लागला, गाण्यापेक्षा नादालाच हात घालू लागला, की आपण त्याला ‘प्रायोगिक’ म्हणतो आणि हे शहरातले, फार तर किनाऱ्यावरचे खूळ म्हणून सोडून देतो. सत्तरीतल्या वाळपईत अशा तीन-चार बँडांची एखादी रात्र व्हावी असे कुणी सुचवले, तर पहिला प्रश्न येईल तो ‘इथे ऐकणार कोण?’ हा. माझ्या मते अडचण ऐकणाऱ्यांची नाही, जागेची आहे. प्रयोगाला लागते ती लहान, ठरलेली आणि पुन्हा पुन्हा भरणारी जागा. अशा जागेची जाण सत्तरीला मुंबईपेक्षा जुनी आहे.

झर्मे, करंझोळ या सत्तरीतल्या गावांत होणारे रणमाले हे लोकनाट्य पाहा. रामायण-महाभारतातली कथानके, मराठी-कोंकणीची सरमिसळ, घुमट-कांसाळ्याची साथ, आणि पात्र आले की म्हटले जाणारे गाणे, म्हणजे जत. मागे पडदा नसतो. गाणारे कलाकारच रांगेने उभे राहतात आणि तीच रांग पडद्याचे काम करते. वादक, गायक, नट आणि नेपथ्य यांच्यात आपण आज ज्या भिंती मानतो त्या इथे उभ्याच राहिलेल्या नाहीत. पाहणारे गावचेच. त्यांना गेल्या वर्षी कुणाची जत कशी झाली होती ते आठवते, म्हणून यंदा काय निराळे झाले तेही कळते. मांडाचा खरा गुण हाच आहे. तो पवित्र आहे, पण त्याबरोबरच तो मोजका आहे. मांडाभोवती बसलेल्या माणसाचा चेहरा वाजवणाऱ्याला दिसतो. त्याचे चुळबुळणे आणि स्तब्ध होणे यांचा पुढच्या ठेक्यावर परिणाम होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. रणमाले हे विधिनाट्य; ते वर्षाला सादर झाले नाही तर ग्रामदेवतेचा कोप होईल या श्रद्धेने होते. त्याला प्रयोग कसे म्हणायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. मांडावरच्या माणसाला नावीन्य हवे असते म्हणून तो उभा राहत नाही. बँडवाला मात्र मुद्दाम त्यासाठीच उभा राहतो. हेतू वेगळे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. पण परंपरा आणि प्रयोग एकमेकांचे वैरी असतात, हे मान्य करता येत नाही. पेडण्यातला धयकालो हा दशावतारी खेळ बघा. रात्रीच्या आरंभी गणपती, सरस्वती, संकासुर हा आडदशावताराचा भाग बांधलेला असतो. त्यानंतरच्या आख्यानाला मात्र लिखित संहिताच नसते. कथानक रंगपटात ठरते, संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात, आणि पेटीवाल्याला नटाच्या तोंडून पुढे काय निघेल याचा अंदाज घेत साथ करावी लागते. ती पेटी तरी कुठली? युरोपातून आलेली. घुमटाचे कातडेही बदलले आहे. पूर्वी ते घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर बकरीच्या कातड्याकडे वळणे भाग पडले. नाद पहिल्यासारखा राहिला नाही अशी कुरकुर झाली, तरी त्याच वाद्याला गोवा सरकारने २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. चौकट पक्की असली की तिच्या आतले वळण ऐकू येते. चौकटच नसेल तर बदल झाला हेही कुणाला कळत नाही. मराठीत नाटकाच्या खेळाला आणि प्रयोगशाळेतल्या खटपटीला एकच शब्द आहे, तो काही उगाच नव्हे.

जागेचा आकार किती निर्णायक असतो, हे काही उदाहरणांवरून दिसते. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणारा, शंभराच्या घरातल्या वादकांचा तो प्रयोग होता. धाडस मोठे, पण ते टिकवायला लागणारा पैसाही तेवढाच मोठा. ऑर्केस्ट्रा फार काळ चालला नाही आणि गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले. दुसरे उदाहरण दादरचे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटके सुरू केली. ते नाट्यगृह नव्हते, शाळेचा हॉल होता. पण भाडे झेपणारे होते, पडलेल्या नाटकाने कुणी कर्जात बुडत नव्हते, आणि प्रेक्षक पुढच्या खेपेला परत येत होता. मराठी रंगभूमीवर त्या हॉलची सावली आजही आहे. याउलट लोअर परळच्या गिरणीच्या आवारातले ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचे ठिकाण २००७ साली झोकात उघडले आणि २०१६ साली बंद झाले. ध्वनियंत्रणा उत्तम होती. पण महागड्या जमिनीवर प्रत्येक रात्रीला आपला खर्च काढून द्यावा लागतो, आणि फसण्याची मुभा तिथेच संपते. पणजीत २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी महोत्सव पुष्कळ नवे ऐकवतो, पण महोत्सव वर्षातून एकदा येतो आणि जातो. त्याला पाहुणे मिळतात. प्रयोगाला मात्र शेजारी लागतात.

लहान जागेवरचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मूठभर माणसे एकमेकांसाठी वाजवणार आणि एकमेकांना टाळ्या देणार. छबिलदासवरही हा शेरा मारला गेला होता, आणि तो पूर्ण खोटा नव्हता. शहरातल्या अशा रात्रींत श्रोत्यांपैकी बरेच जण स्वतः वाजवणारे असतात, हा धोका खराच. पण त्यावरचा उपाय मोठे सभागृह नव्हे. निराळे श्रोते हा आहे. मांडावर शेतकरी, दुकानदार, मास्तर, शाळकरी पोर सगळे एकत्र बसतात आणि त्यांतल्या कुणालाही ‘हे काही जमले नाही’ म्हणायचा अधिकार असतो. वाळपईसारख्या बाजारगावाला हे सहज साधेल. पणजीला प्रयत्न करावा लागेल. तिसरा आक्षेप गोंगाटाचा. किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांनी लोकांची झोप उडवली आहे, तेव्हा ही भीती अनाठायी नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तो नियम पाळावाच. साठ माणसांच्या बंद खोलीत संध्याकाळी सातला सुरू झालेली रात्र दहाला संपवता येते, आणि एवढ्या जागेला भिंतीएवढे स्पीकर लागतही नाहीत. उरला मोबाइलचा आक्षेप: सारे काही घरबसल्या ऐकायला मिळत असताना जायचे कशाला? गिटारचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा तारांना छेडतो तेव्हा जी दीर्घ किंकाळी उठते, ती वादक कुठे उभा आहे, भिंत किती दूर आहे, खोलीत माणसे किती आहेत, यांवर ठरते. तिथे खोलीही वाद्य असते. घुमटाच्या मडक्यातली हवा जशी फोनच्या इवल्या स्पीकरमधून अंगावर येत नाही, तशीच ती खोलीही येत नाही.

म्हणून वाळपईने नवे कलाभवन मागण्याची गरज नाही, किनाऱ्याची नक्कल करण्याची तर मुळीच नाही. शाळेचे एखादे सभागृह, ठरलेला वार, दोन बँड बाहेरचे आणि एक सत्तरीचा, घुमट-शामेळ घेऊन आला तरी चालेल असा. त्या सत्तरीच्या बँडने आधी लोकपरंपरेचा नमुना म्हणून वाजवायचे आणि मग बाजूला बसायचे, असे मात्र होऊ नये. त्यालाही फसण्याचा तेवढाच हक्क हवा. पहिल्या रात्री लोक कुतूहलाने येतील, काही मधेच उठून जातील, आणि त्या रात्रीवरून काहीही सिद्ध होणार नाही. प्रयोग सुरू होईल तो दुसऱ्या खेपेला, मागच्या वेळी काय वाजले होते ते आठवणारा एखादा माणूस पुढच्या रांगेत येऊन बसेल तेव्हा.