खदिजाचा अर्ज

फ्रान्समधल्या मुस्लिम मुलींना आपल्या वेगळेपणाची बोचरी जाणीव अनेकदा शाळेच्या फाटकातच होते. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली. शिखांची पगडीही तीत सापडली. रोख मात्र हिजाबवर होता. २०२३ मध्ये शाळांत अबाया हा सैल, पायघोळ झगाही बंद झाला. मुलीचा झगा नुसता सैल आहे की धार्मिक, हे ठरवणे आता शाळेच्या हाती आले. कोवळ्या वयातल्या मुलीला असे न्याहाळले जाणे हीच मानहानी आहे.

पुढे नोकरीचा प्रश्न येतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. मारी दियुफ आणि खदिजा दियुफ. दोघी सेनेगली वंशाच्या, शिक्षण आणि पात्रता सारखी. मारीने कॅथलिक सेवासंस्थेत काम केलेले, खदिजाने मुस्लिम सेवासंस्थेत. फरक काय तो धर्म सुचवणाऱ्या अशा तपशिलांचा. तरीही मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता मारीच्या बाबतीत अडीच पट निघाली. वंश एक, आडनाव एक. म्हणजे खदिजाला नडला तो तिचा धर्मच.

मुलांची गाठ पोलिसांशी पडते. अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुणांची ओळखपत्रे तपासली जाण्याची शक्यता इतरांच्या वीसपट असल्याचे फ्रान्सच्याच सरकारी हक्करक्षकाने २०१७ मध्ये नोंदवले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इतर देशांच्या खेळाडू हिजाब घालून उतरू शकत होत्या. यजमान फ्रान्सच्या मुलींना मात्र ती मुभा नव्हती.