कब्रस्तानातला टाकळा

पहिला पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले की बोरिवली, गोरेगाव, मुलुंड या स्थानकांबाहेर आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. त्यांत गोलसर पानांची, मेथीच्या थोरल्या बहिणीसारखी दिसणारी एक भाजी असते. कोकणात आणि मुंबईत तिला टाकळा म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तरोटा. आमच्या घरी ती भरपूर कांदा-लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सुका जवळा घालून होते. वरून ओले खोबरे आणि सोबत तांदळाची भाकरी. हा मेवा दोन-तीन आठवड्यांचा. पुढे पाने जून होतात, त्यांना उग्र वास येतो आणि टाकळ्याचे नाव भाजीच्या यादीतून निघून तणाच्या यादीत जाते.

आम्हाला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या टाकळ्याविषयी.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने ऑगस्टअखेर चालत गेलो, तर टाकळा कुठे असतो आणि कुठे नसतो हे नीट कळते. दाट झाडीत तो नाही. त्याला ऊन हवे आणि उघडी, थोडी उकरलेली माती. म्हणून रस्त्याची कड, पायवाट, गुरे बसायची जागा, रेल्वेरुळांचा बांध, पाडलेल्या इमारतीचा मलबा हे त्याचे मुलूख. माणसाने जमीन खरवडली की तिच्यावर सर्वांत आधी हिरवे पांघरूण घालणाऱ्यांत तो असतो. खत नको, पाणी नको, राखणदार नको. गुरेसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. कमरेपर्यंत वाढतो, पिवळ्या फुलांनी भरतो, मग सुतळीसारख्या लांब बारीक शेंगा धरतो. एकेका शेंगेत वीस-तीस टणक बिया. मगरिबच्या सुमारास पाहिले तर त्याची पाने जोडीजोडीने मिटलेली दिसतात.

टाकळा शेंगांच्या कुळातला आहे. या कुळातल्या पुष्कळ वनस्पती मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला देतात. टाकळ्याच्या मुळांवर मात्र अशा गाठी सहसा होत नाहीत. त्याची उपयुक्तता दुसरीकडे आहे. पावसाळ्यात उपनगरांत जी लहान पिवळी फुलपाखरे जमिनीलगत भिरभिरतात, इंग्रजीत ज्यांना ग्रास यलो म्हणतात, ती टाकळ्याच्या पानांवर अंडी घालतात. त्यांच्या हिरव्या अळ्या हीच पाने खाऊन वाढतात. फिकट पांढुरक्या मॉटल्ड एमिग्रंट या फुलपाखराचेही तसेच. फुलांत मध नसतो, पराग असतात, तेही बारीक छिद्रांच्या नळ्यांत कोंडलेले. मोठे काळे भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा पराग बाहेर उडतात. ही गुणगुण जवळ उभे राहिले तर ऐकू येते.

आणखी एक काम तो करतो. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आता देशभर पसरले आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. टाकळा दाट उगवला तर गाजर गवताला ऊन आणि जागा मिळत नाही. जबलपूरचे तण अनुसंधान निदेशालय गाजर गवताला हटवण्यासाठी टाकळा वाढू द्या असेच सांगते. एका तणावर दुसरे तण, आणि दुसरे पानात वाढता येते, यात आम्हाला तरी नुकसान दिसत नाही.

हकिमांना टाकळा परका नाही. युनानीत त्याच्या बिया तुख्मे पंवाड या नावाने नायट्यावर वापरतात. संस्कृतातले चक्रमर्द हे नावही नायट्यावरूनच आले. शास्त्रीय नाव सेन्ना तोरा. यातला सेन्ना म्हणजे अरबीतला सना. हदीसच्या किताबांत औषध म्हणून जिचा उल्लेख येतो आणि आपण सोनामुखी म्हणून आणतो, ती सना याच घराण्यातली. भाजी म्हणून खुडताना मात्र एवढे पाहावे: टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पर्णिका आणि त्यांची टोके गोल. टोके अणकुचीदार असतील तर तो कासविंदा. त्याच्या बिया लहान मुलांना घातक ठरतात.

आता कब्रस्तानाकडे. अंधेरी-घाटकोपरपासून पुढे सगळीकडे सोसायट्यांची आवारे सिमेंटची झाली, मैदानांना फरशा बसल्या. उघडी माती उरली ती बरीचशी आपल्या कब्रस्तानांत, आणि ती वरचेवर उकरली जाते. म्हणूनच टाकळा तिथे येतो. आमच्या भागातल्या एका कब्रस्तानात मागच्या सप्टेंबरात, तो ऐन फुलात असताना, तणनाशक फवारले गेले. आठवड्यात सगळे पिवळे पडले, अळ्यांसकट. पुढल्या पावसात तिथे आधी उठले ते गाजर गवत.

पैगंबर (स.) दोन कबरींजवळून गेले, खजुराची ओली फांदी चिरून दोन्हींवर एकेक भाग रोवला आणि त्या सुकेपर्यंत अजाब हलका होईल अशी उमेद बोलून दाखवली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ही बाब खास त्यांच्यापुरती की सर्वांसाठी, यावर उलमांत मतभेद आहेत. पण कब्रस्तानातले हिरवे गवत-झुडूप विनाकारण कापणे मकरूह आणि वाळलेले काढायला हरकत नाही, हे हनफी फिकहच्या किताबांत स्पष्ट आहे. फवारणीवाल्यांना आम्ही हेच दाखवले.

त्यांचीही बाजू आहे. पावसात जनाजा नेताना वाट दिसली पाहिजे, झुडपात साप असतो. वाटा आणि नव्या कबरींसाठी लागणारी जागा कोयत्याने साफ करावी, यात वाद नाही. बाकीचा टाकळा डिसेंबरपर्यंत राहू द्यावा, एवढेच आमचे म्हणणे होते. तोवर तो आपोआप वाळतो, शेंगा खुळखुळू लागतात. शबेबरात सध्या काही वर्षे जानेवारी-फेब्रुवारीत येते. घरोघरची माणसे फातिहाला येण्याआधी वाळकी झाडे काढायला महिना मिळतो, आणि फवाऱ्याचा खर्चही वाचतो. यंदा भिंतीलगतच्या जुन्या कबरींपुरते असे करून पाहायचे ठरले आहे.