चिमटीएवढा नट



मागचे दोन लेख स्वयंपाकघरातले होते, आज अंगणातला. ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना रिमोटची गाडी काय प्रकरण असतं ते सांगायला नको. बाकीच्यांनीही वाचा. ही गाडी कधी भाच्याबरोबर, कधी नातवाबरोबर तुमच्याही दारात येणारच.

जत्रेत मिळते ती खेळण्यातली गाडी वेगळी आणि ही वेगळी. आमच्या धाकट्याला त्याच्या मामाने दिलेली गाडी खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची आहे. तिला खरी स्प्रिंग, खरे बेअरिंग, सुटा होणारा प्रत्येक भाग. अशा गाड्यांपैकी काही तासाला ५०-६० किलोमीटर वेगाने पळतात. आमची तेवढी पळत नाही, पण गल्लीतून सुटली की दारातल्या बायका पाय वर घेतात. एवढ्या वेगाच्या गाडीचं प्रत्येक चाक एकाच नटावर उभं असतं, आणि तो नट आपल्या चिमटीत मावतो.

गाडी येऊन आठवडा झाला नसेल, गल्लीच्या वळणावर तिचं पुढचं चाक निघालं. गाडी तिथेच घसरून थांबली, चाक मात्र टणाटण उड्या मारत शेजारच्या वहिनींच्या तुळशीपर्यंत गेलं. त्यांची दोन वर्षांची नात तिथेच बसून खेळत होती. चाक तिच्यापासून हातभर अंतरावरून गेलं. तिला काही झालं नाही, उलट ती टाळ्या पिटत होती. माझं मात्र अंग गार पडलं. त्या संध्याकाळी मी गाडी कपाटावर ठेवली आणि सांगितलं, चाक पुन्हा निघणार नाही याची खात्री कुणीतरी दिल्याशिवाय ती खाली येणार नाही.

ती खात्री दिली मामंजींनी.

आमच्या मामंजींना तुमच्यातल्या जुन्या वाचक ओळखतात. शिरोळकडची ऊसशेती, स्वतःचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. तेव्हापासून शेतावर जाणं कमी झालं, मग बंद झालं. हात थरथरतो म्हणून चारचौघांत जेवायला नको वाटतं, चहाचा कप कुणी धरून दिला तर राग येतो. गेलं वर्षभर ते सोप्यातल्या खुर्चीवर बसून असायचे आणि विचारल्याशिवाय बोलत नसत. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ही शांतता माहीत असेल. औषधं वेळेवर देता येतात, गरम जेवण देता येतं. पण त्यांना करण्यासारखं काम कुठून आणायचं?

कपाटावरची गाडी बघून ते म्हणाले, "आन ती हिकडं." चाक हातात घेतलं, नट बघितला, आणि वर्षभरात बोलले नसतील एवढं त्या अर्ध्या तासात बोलले.

गाळपाच्या हंगामात ट्रॉली भरली की ते स्वतः पाना घेऊन चारी बाजूंनी फिरायचे. चाक बदललं असेल तर थोडं अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळायचे. नातवाला ते म्हणाले, "ट्रॉलीच्या चाकाला नट लई असत्यात. एक ढिला झाला तर बाकीचं धरून ठेवत्यात. हिला एकच हाय. म्हणून हिला जास्त बघाय पायजे."

नट आपोआप सैल का होतो, हे माझ्या इंजिनिअर भाच्याने नंतर फोनवर समजावलं. आपल्याला वाटतं नट ओढला गेल्याने सुटतो. खरं तर चाक आडवं हलतं, त्या हादऱ्यांनी आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि नट केसभर मागे फिरतो. असं हजारदा झालं की नट बाहेर. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिलं. मामंजींना युंकर माहीत नाही, पण सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे का असतात हे त्यांना माहीत होतं. सरळ आटे असते तर पायडल मारता मारताच ते सुटून आलं असतं. आमच्या गाडीला दोन्ही बाजूंना सरळच आटे आहेत. त्यामुळे एका बाजूचा नट वेग घेताना आणि दुसऱ्या बाजूचा ब्रेक लावताना सैल व्हायला बघतो. म्हणून चारही तपासायचे, निघालेलं चाक तेवढंच नाही.

आता कामाचं सांगते.

या मापाच्या बहुतेक गाड्यांना ४ मिलिमीटरचा अ‍ॅक्सल असतो आणि नटाला ७ नंबरचा पाना लागतो. पक्कड वापरू देऊ नका, तिने नटाचे कोपरे जातात. चाक काढताना खाली स्टीलचं ताट ठेवा. चाकाच्या मागे १२ मिलिमीटरचा एक षटकोनी तुकडा असतो आणि त्यात दाभणाच्या टोकाएवढी पिन. चाक ओढलं की ती पिन निसटते. ताटात पडली तर आवाज येतो, फरशीवर पडली तर केरातच जाते.

नट शक्यतो नायलॉक घ्यावा. त्याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते, तीच आट्यांना धरून ठेवते. हा नट लावताना जड फिरला पाहिजे. बोटांनी सरसर शेवटपर्यंत गेला तर त्याची कडी झिजली, तो नट बदलायचा. नट स्वस्त असतात, चार जादा आणून एका डबीत ठेवावेत. नट पक्का करायचं निळं द्रव बाजारात मिळतं. ते धातूत धातू जातो तिथे ठीक, पण नायलॉक नटाला त्याची गरज नाही, आणि काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

किती आवळायचं, हा खरा प्रश्न. आमच्या धाकट्याने पहिल्या दिवशी सगळा जोर लावला. मामंजींनी पाना काढून घेतला. "लई आवळू नगंस. आवळायचं न्हाई, बसवायचं." फार आवळलं तर प्लास्टिकचं चाक चिरतं किंवा फिरायला जड होतं. कमी आवळलं तर चाक त्या षटकोनावर डुगडुगतं, आतले कोपरे घासून गोल होतात, आणि मग नवा नट घालूनही उपयोग नसतो. नट टेकला की पाना दोन बोटांत आणि अंगठ्यात धरून जरासा पुढे न्यायचा. मग चाक टिचकीने फिरवून बघायचं. मोकळं फिरलं पाहिजे. मग ते धरून आडवं हलवायचं. अ‍ॅक्सलवर खटखट लागली नाही पाहिजे. नव्या चाकाला पाच मिनिटं पळवून पुन्हा एकदा बघायचं, कारण प्लास्टिक थोडं दबून बसतं.

माझी भर एवढीच की घरात नेलपॉलिशची जुनी, घट्ट झालेली बाटली होती, ती मी दिली. नट बसवला की नटावरून अ‍ॅक्सलच्या टोकापर्यंत लाल रेघ ओढायची. पुढच्या वेळी रेघ जुळली नाही तर नट फिरला आहे. मोठ्या यंत्रांवरही अशीच खूण करतात, भाचा म्हणाला. आता चाकं दुरूनच तपासता येतात.

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी होतं. त्याआधी पंधरा मिनिटं आजोबा आणि नातू सोप्यात बसतात. पाना नातवाच्या हातात, चाक आजोबांच्या. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात हात रिकामा असताना जास्त थरथरतो, कामाला लागला की कंप थोडा कमी होतो. ते मी रोज बघते आहे. नट बसवण्याएवढी बारीक हालचाल त्यांना आता जमत नाही. पण चाक दोन बोटांत धरून हलवलं की सैल कुठलं ते त्यांना कळतं, नातवाला अजून कळत नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघतो. मान हलली की पुढचं चाक.

यात त्यांचा आजार बरा होत नाही. मागच्या महिन्यात औषध वाढवावं लागलं. पण परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, "गाडी बघितली का रं आज?" आणि मग ताटावर सगळ्यांबरोबर बसले. चमचा सांडला, कुणी काही बोललं नाही, त्यांनीही नाही.

घरातले नियम दोनच आहेत. लहान मूल अंगणात असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. आणि पावसाळ्यात गवतात पळवायची नाही, तिथे किती जीव असतात ते आपल्याला दिसतही नाहीत. दोन्ही नियम धाकटा पाळतो, कारण ते आजोबांनी सांगितलेत. मी सांगितले असते तर वाद घातला असता.

तुमच्या घरी असं खुर्चीवर बसलेलं कुणी असेल तर त्यांना विचारून बघा, त्यांच्या हाताला काय ओळखू येतं. पीठ असेल, शिलाई असेल, बियाणं असेल. नात-नातवाला शेजारी बसवा आणि तुम्ही आत निघून या. सोप्यात काय बोलणं होतं ते आतूनही ऐकू येतं.