आधी आई दाखवा

आमच्या घरी कुत्रा आला हे कळल्यापासून ओळखीची मंडळी विचारतात, "कुठून आणलात? आमच्याही नातवंडांना हवा आहे." म्हणून हे लिहावयास घेतले. पण आधी गेलेल्या पिल्लाची हकीकत सांगितली पाहिजे.

ते पिल्लू आम्ही उभयतांनी जाहिरात वाचून घेतले. विकणाऱ्याने घरी बोलाविले नाही. पेट्रोल पंपाजवळ त्याने गाडीच्या डिकीतून खोका काढला. आत पिवळसर लॅब्राडोर, डोळे अर्धे मिटलेले. "प्रवासाने दमले आहे," म्हणाला. आई कुठे आहे? "लांब, मोशावमध्ये." लसीचे कार्ड? "पाठवून देतो." तोवर नातवाने पिल्लू छातीशी धरले होते, आणि आम्ही रोख शेकेल मोजले.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पशुवैद्याने पार्वो सांगितला. दोन दिवस सलाइनवर होते, मग गेले.

आमच्यातली एक, म्हणजे हे लिहिणारी, छत्तीस वर्षे प्रसूती विभागात नर्स होती. बाळाच्या हातावरची पट्टी आईच्या पट्टीशी ताडून पाहिल्यावाचून तिने एकही मूल कोणाच्या हाती दिले नाही. "आजी, तुला कळले नाही का?" असे नातवाने विचारले. त्याला काय उत्तर द्यायचे?

पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. आम्ही फरशी ब्लीचने धुतली, अंथरूण टाकून दिले आणि वर्षभर दुसरे पिल्लू आणले नाही. त्या वर्षात आणखी एक गोष्ट कळली. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगाविरुद्ध जे बळ मिळते, तेच लसीलाही निकामी करते. ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे निराळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचावी लागते. "एक टोचली आहे, काळजी नको," असे कोणी म्हटले तर काळजी करावी.

दुसऱ्या खेपेस कनानी कुत्रा घ्यायचे ठरले. ही या देशाचीच जात. रुडॉल्फिना मेन्झेल नावाच्या व्हिएन्नात जन्मलेल्या बाईंनी वाळवंटातल्या, बेदुइनांच्या तंबूंभोवती राहणाऱ्या कुत्र्यांतून ती वाढवली, आणि १९६६ साली तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट. प्रथम पाहिला तेव्हा अलिबागेस आमच्या अंगणात पडून असणारा गावठी मोतीच आठवला! त्याचा कागद मात्र कोणी मागितला नव्हता.

यावेळी फोनवर पहिले वाक्य आमचे होते, "आधी आई दाखवा." बाईंनी घरीच बोलाविले. दारात आमच्या चपला ब्लीचच्या पाण्यात बुडवून घेतल्या. यजमानांना राग आला, पण नर्सला माहेरी आल्यासारखे वाटले. वेत स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत होते, मिक्सरच्या आवाजाला सरावलेले. कुत्री आम्हांवर भुंकली, ते या जातीला शोभूनच दिसते. बाईंनी हाक मारताच ती गप्प बसली. आईबापांच्या कमरेच्या एक्स-रेचे अहवाल आम्ही न मागता पुढे आले.

मग पिल्ले हाती घेतली. हिरड्या गुलाबी, डोळ्यांत चिपडे नाहीत, शेपटीखाली स्वच्छ, बेंबीला फुगवटा नाही. जंतांनी पोट नगाऱ्यासारखे होते, तसे नव्हते. मागून टाळी वाजवली तशी सगळी वळली. कोपऱ्यात दबून बसलेल्या एकाकडे नातवाचा जीव ओढ घेत होता. आमचाही घेत होता, खोटे कशाला बोला. पण दया येऊन पिल्लू निवडू नये, असे आमचे मत झाले आहे.

निवडून झाल्यावर बाईंनीच विचारायला सुरुवात केली. जिने किती? दुपारी घरी कोण असते? तुमचे वय काय? यजमान सत्तरीला टेकलेले. "हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. तुमच्यानंतर कोणाकडे जाईल?"

परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कुत्रा मागायला गेलो आणि आमचे मरण काढले! अश्दोद जवळ आल्यावर यजमान म्हणाले, "त्या पंपावरच्याने फक्त रोख आणलेत का, एवढेच विचारले होते."

रात्री लेकीला फोन केला. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग हो म्हटले. आठ आठवडे पूर्ण होताच पिल्लू आणले. ते सांभाळणे कधीही अशक्य झाले तर परत घेण्याचे बाईंनी करारात लिहून दिले आहे, आणि आमच्या सह्यांखाली लेकीची सही आहे. तीन महिन्यांचे झाल्यावर कायद्याप्रमाणे रेबीजची लस आणि मानेत चिपही झाली.

त्याचे नाव मोती. नातू आला की आधी त्याचा ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहतो, आणि मगच खेळायला नेतो.