टाकळा खावा शेंड्याचा

मृगाच्या पहिल्या सरी पडून आठवडा झाला की आमच्या गुहागरकडच्या घराच्या गडग्यापलीकडे टाकळ्याचं रान माजतं. पेरलेला नाही, खत नाही, पाणी घालायला कुणी जात नाही. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, कारण पान चुरगळलं की उग्र दर्प येतो. घरातली माणसं मात्र उन्हाळाभर लाल माठ आणि दुधी खाऊन कंटाळलेली असतात, त्यामुळे कोयती-पाटी घेऊन कुणी ना कुणी निघतंच.

मी मूळची गोंदियाची. आमच्याकडे हाच तरोटा. आई त्यात भिजवलेली चणाडाळ घालायची, वर ठेचलेल्या लसणाची सढळ फोडणी द्यायची आणि तो ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढायची. त्यात ओलं खोबरं आणि फणसाच्या आठळ्या पडतात हे मी सासरी आल्यावर पाहिलं. पहिल्या पावसाळ्यात सासूबाईंबरोबर खुडायला गेले तेव्हा त्यांनी एकच ताकीद दिली, "शेंडा घे गो. खालच्या पानाला हात लावू नकोस."

रोप वीतभर उंचीचं असावं, त्याहून मोठं नको. वरची कोवळी पोपटी पानं तेवढी घ्यायची. गणपतीच्या सुमारास पिवळी फुलं दिसू लागली की भाजी बंद. तोवर पान राठ, कडवट होतं आणि वासही वाढतो. खुडायला सकाळी जायचं, कारण संध्याकाळ झाली की टाकळ्याची पानं मिटतात आणि मग कोवळं-जून ओळखता येत नाही.

ओळख पटवायला सासूबाई मला एकेक देठ उलटून दाखवत. पानाला तीन जोड्या पर्णिका, टोकाला रुंद आणि गोलसर. खालच्या जोडीच्या बेचक्यात सुईच्या टोकाएवढी ग्रंथी. शेजारीच उगवणाऱ्या कासविंद्याची पर्णिका टोकदार असते आणि जोड्याही चार-पाच. हा फरक नुसता हौसेचा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर भागात लहान मुलांना मेंदू, यकृत आणि स्नायूंचा जीवघेणा आजार होत असे. त्याचं संभाव्य कारण मुलांनी खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया, असं डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलं. म्हणून भाजी खुडायला मुलांना एकटं पाठवू नये, असं मी आता गावातल्या प्रत्येक सुनेला सांगते.

आता भाजी. पानं तीन-चार पाण्यांतून धुवायची, कारण पहिल्या पावसाची लाल माती देठाला चिकटलेली असते. बारीक चिरायची. तेलात हिंग, हिरवी मिरची, ठेचलेला लसूण आणि भरपूर कांदा परतायचा. आठळ्या आधीच उकडून, सोलून, चौकोनी कापून ठेवलेल्या असतात, त्या घालायच्या आणि मग पाला. टोपलीभर पाला बघता बघता वाटीभर होतो, म्हणून मीठ तो बसल्यावरच घालायचं. शेवटी चिमूटभर गूळ आणि मूठभर ओलं खोबरं. गोव्यातही तायकिळा असाच आठळ्या-खोबरं घालून करतात. तांदळाच्या गरम भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. मी पानात लिंबू पिळते, कारण पालेभाजीतलं लोह शरीरात नीट मुरायला क जीवनसत्त्वाची मदत होते.

गुणांबद्दल गावात पुष्कळ ऐकायला मिळतं. पोट साफ होतं, ही गोष्ट खरी आहे. टाकळा सोनामुखीच्याच कुळातला, त्या औषधाचा सख्खा भाऊबंद, आणि त्याच्यातही अँथ्राक्विनोन गटातली सारक द्रव्यं असतात. म्हणूनच घरात एकावेळी वाटीभराहून जास्त कुणाला वाढत नाहीत आणि जुलाब होत असतील त्याला अजिबात देत नाहीत. आयुर्वेदात याचं नाव चक्रमर्द आणि दद्रुघ्नही. गजकर्णावर बिया ताकात वाटून लावायची रीत सासऱ्यांच्या पिढीपर्यंत होती. बियांतल्या क्रायसोफॅनिक आम्लाच्या एका संयुगाचा बुरशीविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसलाही आहे. तरी हल्लीचं गजकर्ण चिवट झालंय, लेप लावून महिनाभर वाट बघण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

दिवाळीनंतर लांब, वाकड्या शेंगा वाळतात. कोकणात त्या तशाच गळून जातात. छत्तीसगडमध्ये मात्र चरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्याच, बिया आदिवासी बायका गोळा करून विकतात आणि किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत त्यांचा समावेश आहे. या बियांपासून काढलेला डिंक डबाबंद प्राणिखाद्य दाट करायला वापरतात. भाजलेल्या बियांची पूड कॉफीऐवजीही चालते. मी ती एकदा करून पाहिली. चव कडसर आणि खरपूस आली, पण नवऱ्याने दुसरा कप मागितला नाही.

मुंबईत हीच भाजी जून-जुलैत रेल्वे स्टेशनबाहेर वाट्यांवर मिळते. तिकडे पालघर-रायगडच्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात. घेताना वाटा उलटा करून बघावा. खाली फुलाची कळी किंवा जाड देठ दिसला तर घेऊ नये, कोवळा असेल तर घासाघीस न करता घ्यावा. वर्षातून चार-सहा वेळा, वाटीभर, पावसाळा आहे तोवर. टाकळ्याचं एवढंच पथ्य, आणि त्याचा गुणही त्या पथ्यातच आहे.