घोडीच्या छातीतल्या रेघा

आम्हा सत्तरीकरांचा घोडा म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणीचा. कमरेला बांधलेला, आतून पोकळ. फुप्फुसं असलीच तर ती नाचणाऱ्याची! म्हणून पुण्यातल्या पशुवैद्य भाचीने पोटशुळाच्या घोडीचं ऑपरेशन बघायला नेलं, तेव्हा मी जरा बिचकलोच.

भूल देण्याआधी तिने बरगड्यांवर स्पिरिट ओतून सोनोग्राफीचा प्रोब फिरवला. पडद्यावर श्वासाबरोबर सरकणारी एक चकचकीत रेघ, खाली तिचीच आडवी प्रतिबिंबं. "मामा, ही हवा. हवेपलीकडचं दिसत नाही, पृष्ठभाग तेवढा कळतो." म्हणजे निरोगी फुप्फुस या यंत्राला जवळजवळ दिसतच नाही!

एवढं मोठं जनावर उताणं झालं, की आतड्यांचा भार श्वासपटलावर येतो, पाठीकडचं फुप्फुस मिटतं, रक्तातला प्राणवायू उतरतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या शंभरातले जवळजवळ दोन घोडे सात दिवसांत दगावले होते. पोटशुळाचे त्याहून जास्त. हे भाचीने मला नंतर सांगितलं, बरं झालं.

ऑपरेशननंतर गाद्या लावलेल्या खोलीत घोडी कुशीवर होती. प्रोब लावताच पाठीजवळ उभे पांढरे पट्टे दिसले. आधी ते नव्हते. भाची गप्प झाली, नाकपुडीतली प्राणवायूची नळी तिने काढू दिली नाही. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात घोडी उठली, चारही पाय थरथरत. तासाभराने पुन्हा पाहिलं. पट्टे होते, पण विरळ. भाचीने मग चहा मागवला.